तुमचे प्रश्न : फळ्याच्या जागी पडदा आला, आता?

प्रश्न : मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला शिकवते. शाळेत प्रोजेक्टर आलाय म्हणून हौसेने खाजन शेतीवर (नदीकाठी बांध घालून, खारं पाणी अडवून केलेली शेती) २६ स्लाइड केल्या, दोन रात्री जागून, धड्यातला एकही मुद्दा सोडला नाही. वर्गात मात्र मी वाचत गेले आणि मुलं वहीत उतरवत गेली, आणि शेवटी मानस (त्या बांधातली पाण्याची दारं) म्हणजे काय विचारलं तर एकालाही धड सांगता येईना. माझं चुकतंय कुठे?

उत्तर : टीचर, तुमची मेहनत कमी पडलेली नाही, ती भलत्या जागी गेली. तुम्ही पुस्तकच पडद्यावर चढवलंत. समोर आठ ओळी दिसल्या की मुलं वाचायला लागतात, त्याच वेळी तुम्ही त्याच ओळी मोठ्याने वाचताय, तुमचा वेग वेगळा, त्यांचा वेगळा, म्हणजे धड ऐकणं नाही की धड वाचणं नाही. आणि बाजूला चित्र असलं तरी बघणार कोण, डोळे तर अक्षरांत अडकलेले. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी कित्येक वर्षं हाच विषय अभ्यासलाय. चित्र आणि बोलणं एवढंच ठेवलं तर मुलांना जास्त कळतं, तेच बोलणं परत पडद्यावर लिहिलं की कमी कळतं, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. एका वेळी डोक्यात मावतं थोडंच, हे त्यामागचं कारण.

आता तुमचीच मानस घेऊ, कारण हा धडा मी स्वतः सातवीला घेतलाय आणि पहिल्यांदा माझाही असाच पडला होता. दुसऱ्या वर्षी सगळ्या ओळी काढून टाकल्या आणि फक्त तीन चित्रं केली, हाताने कागदावर काढून मोबाईलने फोटो घेतलेली. पहिल्यात एका बाजूला नदी, मधे बांध, पलीकडे शेत आणि बांधात मानशीची लाकडी दारं, त्यावर चारच शब्द : नदी, बांध, मानस, खाजन. दुसरं चित्र अगदी तेच, तसूभरही हललेलं नाही, फक्त नदीचं पाणी वर चढलंय, भरती, आणि त्या पाण्याच्या रेट्याने दारं मिटलीत. इथे मी थांबले. विचारलं, आता ओहोटी लागली तर दारांचं काय होईल? वर्गात एकदम गलका. मग तिसरं चित्र : नदी खाली गेली, आतलं पाणी दारं ढकलून बाहेर पडतंय. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवल्यामुळे काय बदललं ते मुलांनीच बोट दाखवून सांगितलं, मला बोलावंच लागलं नाही. आणि मागच्या बाकावरच्या मुलाने उठून विचारलं, मग टीचर, मानशीवर मासे कसे मिळतात? त्याच्या काकांचं जाळं असायचं तिथे. ओहोटीला पाणी बाहेर पडताना तोंडाशी जाळं लावतात हे त्यानेच मग सगळ्यांना समजावलं, आणि त्या दिवशी खरा धडा त्याने घेतला असं मला अजून वाटतं.

शब्द अजिबात नकोत असं मात्र नाही हं. आपल्या बऱ्याच मुलांच्या घरी कोंकणी, पुस्तक मराठी, तेव्हा क्षारता, भरती-ओहोटी असे नवे शब्द पडद्यावर दिसलेच पाहिजेत, चित्रातल्या त्या-त्या जागेशेजारी, खाली वेगळी यादी करून नव्हे. वहीत लिहायचे मुद्दे शेवटी फळ्यावर द्या. तुम्ही लिहिता त्या वेगाने मुलंही लिहितात, कोणी मागे पडत नाही.

अजून एक, आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर स्लाइड लावून शेवटच्या बाकावर जाऊन बसा. तिथून वाचता येत नसेल तर अक्षर मोठं करा, ३२ च्या खाली मी तरी जात नाही. काळी पार्श्वभूमी लॅपटॉपवर झकास दिसते पण प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही, फक्त तिथे उजेड पाडत नाही, त्यामुळे खिडक्या उघड्या असल्या की काळ्याचं करडं होतं. पांढऱ्यावर काळं ठेवा. आणि लाल-हिरव्यातला फरक काही मुलांना दिसत नाही, मुलग्यांत हे जास्त असतं, म्हणून भरतीचा बाण लाल आणि ओहोटीचा हिरवा असं करून सोडू नका, शेजारी शब्दही लिहा.

प्रश्न : घरी केलेल्या स्लाइड शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडल्या की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. (फोंडा)

उत्तर : सर, तुम्ही बहुतेक जुना, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखीच ओळखली जावीत अशी पद्धत) नसलेला फॉन्ट वापरताय. त्यात खरी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांना मराठी रूप दिलेलं, फॉन्ट गेला की रूपही गेलं. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त (Mukta) हा फॉन्ट घ्या, दोन्ही फुकट आहेत, जोडाक्षरंही नीट येतात. शिवाय फाइलची एक पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवाच. पीडीएफमध्ये अ‍ॅनिमेशन मरतं, पण वरच्या मानशीसारखे टप्पे वेगवेगळ्या स्लाइडवर केलेत तर काहीच बिघडत नाही.

प्रश्न : बीएडचा सराव पाठ आहे, ४० मिनिटांना किती स्लाइड? (पेडणे)

उत्तर : माझ्या सात-आठच्या वर जात नाहीत, पण मोजत बसू नका. पॉवरपॉइंटमध्ये शो चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की स्लाइड येते. मुलांशी बोलायचं असेल तेव्हा बिनधास्त दाबा, सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात. आणि पावसाळ्यात पाठ असेल तर मुख्य चित्र फळ्यावर खडूने काढायची सवय आधीच करून ठेवा, लाईट गेली तर पाठ तिथूनच पुढे नेता येईल.