आर्सिन जास्त घातक की डायबोरेन? आणि मराठवाड्यात यांच्याशी गाठ कुठे पडते?

तुम्ही लातूरला नीटची तयारी करताय. पुस्तकात आर्सिन (आर्सेनिक-हायड्रोजनचं संयुग) आणि डायबोरेन (बोरॉन-हायड्रोजनचं) या दोघांपुढे नुसतं 'विषारी वायू' लिहिलंय, म्हणून जास्त वाईट कोण आणि आपल्या भागात यांचा संबंध येतो का, असं विचारलंत. मी वाळूज एमआयडीसीत गॅल्व्हनायझिंगच्या (लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या) कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: येतो, पण सिलिंडरमधून नाही.

आधी डायबोरेनचं थोडक्यात सांगतो. दमट हवेत हा साध्या तापमानालाही पेट घेऊ शकतो, ज्योत हिरवी असते. पाण्याशी गाठ पडली की बोरिक आम्ल, हायड्रोजन आणि भरपूर उष्णता. श्वासात गेला तर फुफ्फुसं भाजून काढतो. म्हणजे त्रास लगेच कळतो आणि माणूस पळतो. आल्फ्रेड श्टॉक या जर्मन शास्त्रज्ञानं बोरेनं (बोरॉन-हायड्रोजनची अशी संयुगं) हवेपासून दूर, काचेच्या निर्वात उपकरणात हाताळली. त्यांना बाधा झाली ती मात्र त्याच उपकरणातल्या पाऱ्याची! १९२६ साली त्यांनी पाऱ्याच्या वाफेबद्दल जाहीर इशारा लिहिला.

आर्सिनचं तसं नाही. रंग नाही, नाका-डोळ्यांना चुरचुर नाही, हवेपेक्षा सुमारे २.७ पट जड, त्यामुळे टाकीच्या तळाशी, खड्ड्यात साचून राहतो. लसणासारखा वास येतो म्हणतात, पण तो साधारण ०.५ पीपीएमला (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) जाणवतो आणि कामाच्या जागेची मर्यादा आहे ०.०५. म्हणजे वास आला तेव्हा मर्यादा दहापट ओलांडलेली असते. जिवाला तात्काळ धोका मानतात ती पातळी आर्सिनची ३ पीपीएम, डायबोरेनची १५. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर आर्सिन, आणि फक्त या आकड्यांमुळे नाही.

तो कुणी विकत आणलेला नसतो, आपोआप तयार होतो. जस्त, शिसं, तांब्याच्या खनिजांत थोडंफार आर्सेनिक असतंच. असा धातू किंवा त्याचा गाळ आम्लात पडला, हायड्रोजन सुटू लागला, की त्याच्याबरोबर आर्सिनही निघतो. उलटंही होतं: आम्लातच आर्सेनिकची भेसळ आणि ते ओतलं जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत. आम्लाची टाकी साफ करायला ठेकेदाराची पोरं तोंडाला रुमाल बांधून उतरतात, तेव्हा माझा जीव वर-खाली होतो. रुमालच काय, साध्या धुळीच्या मास्कनंही हा वायू अडत नाही. हवा मोजून, पंखा लावून, बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालून, वर एक माणूस उभा ठेवूनच उतरायचं. यावर घासाघीस करणाऱ्या सुपरवायझरशी माझं कधीच जमलं नाही.

बाधा झालेला माणूस संध्याकाळी घरी जाऊन जेवतोसुद्धा. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोकेदुखी, मळमळ, पोटात कळ आणि काळपट-लाल लघवी. तांबड्या पेशी फुटतात, त्यातलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं, मूत्रपिंडं बंद पडतात. पुढे कावीळ. उतारा नाही; रक्त बदलणं आणि डायलिसिस हाच आधार. म्हणून डॉक्टरांना 'पित्त झालंय' सांगू नका, 'आम्लाच्या टाकीत काम केलं होतं' हे आधी सांगा.

तुमच्या लातूरला याचा चुलतभाऊ मात्र घरोघरी माहीत आहे. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलीनं फॉस्फिन सोडतात. ३ ग्रॅमच्या गोळीतून साधारण १ ग्रॅम. नियमानं त्या तज्ज्ञ कीडनियंत्रकांच्या देखरेखीखालीच वापरायच्या, पण तुरीच्या पोत्यांत गोळ्या टाकून त्याच खोलीत अंथरूण घालणारे लोक मी पाहिलेत. असं कुणाच्या घरी दिसलं तर लेकरांना आधी बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा आणि गोळ्यांवर पाणी अजिबात मारू नका.

परीक्षेपुरतं: आवर्तसारणीच्या एकाच गटात अमोनिया, फॉस्फिन, आर्सिन असं खाली उतरताना बंधकोन सुमारे १०७, ९३.६, ९१.८ अंश असा घटतो, आम्लारिधर्म आणि स्थिरताही घटते. आर्सिन तापवला की फुटतो आणि काचेवर आर्सेनिकचा चकचकीत काळा थर बसतो. जेम्स मार्शनं १८३६ साली विषप्रयोग पकडायला हीच युक्ती वापरली. डायबोरेनमध्ये चार हायड्रोजन टोकाला, दोन हायड्रोजन दोन बोरॉनना जोडणाऱ्या पुलावर. प्रश्न बहुतेक त्या पुलावरच येतो.