बारा बटणं लावली, दाबतंय कोण?

प्रश्न : नमस्कार ताई, कुंडीतल्या झाडांबद्दल लिहिते मी, स्वतःची वेबसाइट आहे, वर्ष होत आलं. प्रत्येक लेखाला वर, खाली, बाजूला मिळून बारा शेअर बटणं लावलीयत, शेजारी काउंटर पण आहे आणि तो शून्यावरून हलत नाहीये. वाचक वाढवायचेत हो. अजून बटणं लावू का?

उत्तर : नका लावू, उलट आहेत त्यातली काढा. पण आधी हे ऐका, शून्य बघून आपलं लिखाण फालतू आहे असं मनात आणू नका. ब्रिटन सरकारच्या गव्ह डॉट यूके साइटने २०१४ मध्ये आपले आकडे सांगितले होते, तिथे शेअर बटण दाबायचं प्रमाण ०.२ टक्के निघालं, म्हणजे हजार वेळा पान उघडलं तर दोनदा. सरकारी पानं ती, तुमच्या झाडांना जास्त प्रेम मिळेल, पण दिवसाला पन्नास जण येत असतील तर एकेका लेखावर शून्य दिसणं साहजिक आहे. तो काउंटर आजच काढा, कारण नवा माणूस आला की त्याला लेखाआधी शून्य दिसतो.

लोक शेअर करतात पण बटण न दाबता. लिंक कॉपी केली, व्हॉट्सअ‍ॅपवर मैत्रिणीला टाकली, झालं. म्हणून खरी मेहनत त्या लिंकचा जो प्रिव्ह्यू दिसतो ना, त्यावर घ्या. तो ओपन ग्राफ टॅगमधून, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या छोट्या नोंदींमधून येतो, शीर्षक, दोन ओळी आणि फोटो, आणि हे टॅग भरलेच नसतील तर कुठलातरी लोगो नाहीतर नुसती निळी लिंक दिसते आणि ती कोण उघडणार. फोटो १२०० बाय ६३० पिक्सेलचा ठेवा. बदलूनही फेसबुकवर जुनाच दिसत राहिला तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगर या प्रिव्ह्यू तपासायच्या पानावर लिंक टाकून रिफ्रेश करा, मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय म्हणून सांगतेय.

बटणं दोन-तीन पुरेत, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, कॉपी लिंक, आणि ती लेख संपतो तिथे. वाचायच्या आधीच शेअर कर म्हटलं तर कोण करेल?

आणि सोशल नेटवर्कच्या कंपनीने दिलेलं रेडिमेड बटण नको, साधी लिंक लावा. रेडिमेडचा कोड त्या कंपनीकडून लोड होतो, पान जड होतं आणि वाचकाने बटण दाबलं नाही तरी त्याची माहिती तिकडे जाऊ शकते. युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय की अशी माहिती गोळा करून पाठवण्याची जबाबदारी साइटवाल्याचीही आहे. वाचक विश्वासाने येतात आपल्याकडे, मला तरी हे महत्त्वाचं वाटतं.

आता वाचक वाढवायचं म्हणाल तर शेअर आणि फॉलो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेअरने नवा माणूस एकदा येतो, तो परत यावा म्हणून फॉलो किंवा ईमेल. फॉलोचं बटण पानाच्या डोक्यावर नको, तिथून माणूस इन्स्टाग्रामवर गेला की तिकडेच रमतो, तुमचा लेख राहिला बाजूला. ते लेखाच्या शेवटी, आणि एकाच अकाउंटचं, जिथे तुम्ही खरंच नियमित टाकता. त्याच्या वरच ईमेलचा रकाना द्या, कारण ती यादी तुमच्या हातात राहते, उद्या एखादं नेटवर्क बंद पडलं तरी. गुगल प्लसची बटणं किती साइटवर होती आठवतंय ना, २०१९ मध्ये ते बंद झालं.

शेअर लिंकला यूटीएम जोडा, म्हणजे लिंकच्या शेवटी वाचक कुठून आला ते सांगणारी खूण, मग कुठल्या बटणावरून किती आले ते अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर येणाऱ्यांची मोजणी ठेवणाऱ्या साधनात, कळेल. दोन-तीन महिने बघा, ज्यावरून कोणीच येत नाही ते काढून टाका.