कथकचे हात ठेवायचे, पण कुठे?

नमस्कार ताई,

तुम्ही टोरांटोहून लिहिलंय की सतरा वर्षांची लेक लहानपणापासून कथक शिकली, आता फिगर स्केटिंग करताना बर्फावरही तिचे हात तसेच फिरतात. कोच म्हणतात, ते काढ आणि गुणांकडे बघ. ती हिरमुसली आहे.

आधी तिच्या गेल्या तीन स्पर्धांची घटकवार गुणपत्रकं घेऊन बसा. गुण नेमके कुठल्या ओळीत गेले ते बघा. सिट स्पिनची (एका पायावर खाली बसून घेतलेल्या गिरकीची) ओळ नीट तपासा. मनगटाकडे लक्ष गेलं की बैठक वर राहते. मांडी बर्फाला समांतर झाली नाही तर ती पोझिशन धरतच नाहीत, आणि झाली तरी त्यात सलग २ फेरे लागतात. दीड फेऱ्यात उठली की लेव्हल (अवघडपणाची श्रेणी, जिच्यावर गुण ठरतात) गेली. जंपचंही तेच. हात फुलवत ठेवले की आत यायला उशीर होतो. मग हवेतला फेरा पाव वर्तुळाहून जास्त, पण अर्ध्याहून कमी, असा अपुरा पडला की मूळ किमतीच्या (त्या उडीच्या ठरलेल्या गुणांच्या) ८० टक्केच हातात येतात. इथे कोचचं ऐकायलाच हवं.

पण हात सगळीकडून काढा, हे मला अजिबात पटत नाही. सीनियर गटाच्या फ्री स्केटमधल्या (स्पर्धेतल्या दोनपैकी लांब कार्यक्रमातल्या) कोरिओग्राफिक सीक्वेन्सला, म्हणजे संगीतावर मोकळेपणाने बांधलेल्या हालचालींच्या तुकड्याला, लेव्हल नसते. मूळ किंमत ३.००, उत्तम झाला तर ५.५०. कथक तिथे मनसोक्त येऊ दे. फक्त तत्कार (कथकमधलं पायांचं काम) टो पिक, म्हणजे पात्याच्या टोकाचे दाते, आपटून करू नये, वेग तुटतो.

शिवाय २०२२-२३ पासून कंपोझिशन, प्रेझेंटेशन आणि स्केटिंग स्किल्स हे तीन कंपोनंट, म्हणजे एकूण कार्यक्रमाच्या दर्जाचे गुण, आहेत. मुलींच्या फ्री स्केटमध्ये त्यांना २.६७ ने गुणतात. तिन्हींत पाव-पाव गुण वाढला की एकूण २ गुण वाढतात. डबल ॲक्सल ही उडी (मूळ किंमत ३.३०) सोडून ट्रिपल फ्लिप ही तीन फेऱ्यांची उडी (५.३०) घातली तरी तेवढाच फायदा. फ्लिपमध्ये पूर्ण फिरून ती पडली तर उरतात २.६५, त्यातून पडल्याचा १ वजा. हाती १.६५.

अमेरिकन स्केटर जेसन ब्राऊन २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकही क्वाड (चार फेऱ्यांची उडी) न करता सहावा आला. ट्रिपल ॲक्सल ही अवघड उडी मात्र त्याच्याकडे होती, हेही तिला सांगा.

पुढे कोरिओग्राफर व्हायचं तिच्या मनात असेल तर नियमपुस्तिका आत्ताच नीट वाचून घ्यावी. कोचकडे जाताना कार्यक्रमाचा कागद न्या, संगीताचा प्रत्येक सेकंद मांडलेला. कुठे हात मोकळे आणि कुठे बंद, हे त्यावर लेकीने आणि कोचने मिळून खुणा करून ठरवावं.