नेटवर्क कार्डाचं हार्डवेअर घड्याळ पीटीपीला लॉक होत नाही, कार्ड बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबडला टेस्ट बेंचवरचा लिनक्स पीसी, व्हेंडरच्या सोर्समधून बांधलेला ड्रायव्हर. कर्नल ६.२ च्या पुढे नेल्यापासून पीटीपी४एलचा (पीटीपी म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत, हा तिचा लिनक्सवरचा प्रोग्रॅम) ऑफसेट, म्हणजे मास्टर घड्याळापासूनचा फरक, एका सेकंदाला प्लस, पुढच्याला मायनस, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठा. व्हेंडर म्हणतो, कार्ड गेलं. एवढ्यावरून पंचवटी पकडून लॅमिंग्टन रोड गाठू नका. नव्या कार्डालाही तोच ड्रायव्हर लागणार.

मला संशय कार्डाचा नाही, पॅचचा आहे. ६.२ मध्ये कर्नलने ड्रायव्हरमधलं घड्याळाचा वेग बदलणारं जुनं फंक्शन, ॲडजफ्रीक, काढून टाकलं, आता फक्त ॲडजफाइन. जुना ड्रायव्हर कंपाइल होत नाही, मग कोणीतरी फंक्शनचं नाव बदलतो आणि आतला हिशेब तसाच ठेवतो. ॲडजफ्रीकला आकडा पीपीबीत (अब्जात एक भाग) मिळायचा. ॲडजफाइनला मिळतो तो पीपीएम (दहा लाखांत एक भाग) गुणिले ६५५३६. म्हणजे १ पीपीएमसाठी पूर्वी १००० यायचे, आता ६५५३६ येतात. युनिट बदललं नाही तर प्रत्येक दुरुस्ती ६५.५ पट जोरात बसते. पीटीपी४एलच्या पीआय सर्व्होचा (ऑफसेट बघून घड्याळाचा वेग दुरुस्त करणारा भाग) केपी, म्हणजे दुरुस्तीचा जोर, हार्डवेअर टाइमस्टँपिंगला ०.७ च्या आसपास असतो. तो इथे ४५ च्या वर गेल्यासारखा वागतो, लूप फाटतो आणि फ्रीक्वेन्सी मॅक्स ॲडजस्टमेंटला जाऊन आदळते.

चार मिनिटांत खात्री होते. पीटीपी४एल आणि पीएचसी२सिस (कार्डाचं आणि सिस्टिमचं घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) दोन्ही बंद करा. रूट होऊन पीएचसी_सीटीएलला (कार्डाचं घड्याळ हाताने चालवायची कमांड) डिव्हाइस म्हणून /डेव्ह/पीटीपी० द्या आणि पुढे ओळीने: फ्रीक ०, सेट ०.०, वेट १००, गेट. उत्तर १०० च्या आसपास यायला हवं, चांगल्या क्रिस्टलचीही काही मिलिसेकंदांची चूक चालते. आता फ्रीक १००००० (पीपीबी) देऊन तेच करा. १०० पीपीएम म्हणजे १०० सेकंदांत १० मिलिसेकंद जास्त, १००.०१० च्या जवळ. १००.६५५ दिसलं तर पॅच चुकलाय. ९९.९९० दिसलं तर चिन्ह उलटं आहे. इलाज एका ओळीचा: ॲडजफाइनच्या सुरुवातीला कर्नलचंच स्केल्ड_पीपीएम_टू_पीपीबी वापरा, खालचा जुना हिशेब तसाच चालतो.

आता सातपूरच्या एका रिले टेस्टिंग शेडमधला प्रकार सांगतो, कारण असाच सल्ला तुम्हालाही कोणीतरी देणारच. लक्षण हेच. तिथल्या कंत्राटदाराने ड्रायव्हर उघडलाच नाही, केपी ०.०१ केला, केआयही (साठत गेलेल्या चुकीवरचा जोर) तसाच खाली आणला. ऑफसेट बसला. बिल निघालं. ०.०१ गुणिले ६५.५ म्हणजे ०.६५, बसणारच! पण सर्व्हो सुरू होताना पहिल्या काही नमुन्यांवरून क्रिस्टलचा ड्रिफ्ट मोजतो आणि ती दुरुस्ती केपीला न विचारता थेट लावतो. क्रिस्टल १० पीपीएम पुढे असेल तर १० ऐवजी ६५५ पीपीएम मागे खेचलं जातं, म्हणजे दर सेकंदाला ६४५ मायक्रोसेकंदांची घसरण. सॅम्पल्ड व्हॅल्यूजना (नेटवर्कवरून रिलेला जाणारी करंट-व्होल्टेजची मोजमापं) १ मायक्रोसेकंदाची अचूकता लागते. त्यामुळे लाइट गेली, पीसी परत चालू झाला, की बराच वेळ रीडिंग बाद. आणि खापर शेडवरच्या जीपीएस अँटेनावर, पावसावर, स्विचवर. अशा वेळी लॉगमधला फ्रीकचा रकानाही खोटा असतो, खरा ड्रिफ्ट त्याच्या ६५ पट. केपीला हात लावणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलणं. हे मी तेव्हाही म्हणत होतो.

चाचणीत किंवा ऑफसेटमध्ये वेगळाच आकडा आला तर आकडाच चोर दाखवतो. ३७ सेकंदांचा फरक म्हणजे टीएआय-यूटीसी, पीटीपीची अणुघड्याळाची वेळ आणि नेहमीची जागतिक वेळ यांतलं अंतर. आयजीबीसारखा (इंटेल कार्डांचा) ड्रायव्हर रीसेट झाला की हार्डवेअर घड्याळात सिस्टिमची यूटीसी वेळ भरतो, आणि एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बदलणं एवढंही रीसेटला पुरतं. १९८०० सेकंद म्हणजे मास्टर घड्याळावर कोणीतरी भारतीय वेळ लावलीय. १९७६३ असेल तर ३७ पण विसरलेत. १०९९.५ सेकंदांची उडी म्हणजे ४० बिटांचा नॅनोसेकंद काउंटर उलटला आणि ड्रायव्हरने तो वेळेत वाचला नाही. १० सेकंदांत १६ मोजले तर क्रिस्टल ३८.४ मेगाहर्ट्झचा आहे आणि ड्रायव्हर २४ धरून बसलाय. इंटेल आय२१९ कार्ड असलेल्या पीसीत हे आधी बघा.

टीएक्स टाइमस्टँप (पॅकेट बाहेर पडल्याची वेळ) टाइमआउटचा एरर येत असेल तर सगळे टाइमआउट वाढवतात. त्याच ओळीत पुढे लिहिलेलं असतं की बहुधा हा ड्रायव्हरचा बग आहे, तेवढं मात्र कोणी वाचत नाही. आयजीबीवर ईथटूल -एस च्या आकडेवारीत टीएक्स_एचडब्ल्यूटीस्टँप_स्किप्ड वाढतोय का बघा. वाढत असेल तर ट्रान्समिट टाइमस्टँपच्या काही मागण्यांना नकार मिळतोय, बहुधा एकाच वेळी दोन मागण्या येताहेत म्हणून.

कार्ड खरंच कधी बदलायचं? फ्रीक ० ठेवून, कर्नलमधल्याच ड्रायव्हरवर, १०० सेकंदांत १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त चूक दर वेळी येत असेल तर. पण त्याआधी पीसीचं स्वतःचं घड्याळ तपासा, कारण वेट त्याच्यावर मोजला जातो. दुपारच्या उन्हात पत्र्याखाली एक-दोन पीपीएम सरकलं म्हणून बदलू नका. हे सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये करत असाल तर आकडे धरू नका, आणि बेंच चालू असताना तर करूच नका, सेट ०.० ने घड्याळ १९७० ला जातं. चाचणी संपली की फ्रीक ० परत द्या, मगच पीटीपी४एल चालू करा.