'असणं म्हणजे काय' या प्रश्नात नवीन असाल तर

एका ओळीत व्याख्या करायच्या मागे लागू नका, बहुतेक जण तिथेच अडकतात. 'जे दिसतं ते आहे' म्हणून टाकलं की मग ७ हा आकडा, कालचा दिवस, देशाची राज्यघटना, यांचं काय करणार?

आधी जर्मन तत्त्वज्ञ कांटचं १७८१ मधलं शंभर थालरचं उदाहरण घ्या (थालर म्हणजे तेव्हाचं जर्मन नाणं). मनातले शंभर आणि खिशातले शंभर, वर्णन सेम टू सेम, एक नाणं इकडेतिकडे नाही, पण फरक तर पडतोच ना, मग जड, गोल, चकचकीत या यादीत 'आहे' हा अजून एक गुण म्हणून लिहिता येत नाही असं त्याचं म्हणणं. पटलं नाही तरी चालेल, पण का पटलं नाही ते कागदावर लिहा.

मग ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेल, १९०५. 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे'. राजाच नाही, तर वाक्य खोटं की निरर्थक? तो खोटं म्हणतो, कारण असा एक राजा आहे हा दावा वाक्यात लपलेलाच आहे.

नेहमीच्या चुका दोन:
- 'आहे का' आणि 'आपल्याला कसं कळतं' यांची खिचडी करणं.
- थेट देवावर उडी मारणं, मग नुसती भांडणं होतात.

आपल्याकडचं पण बघा हं, नंतरच्या वैशेषिकांनी (वैशेषिक हे जुनं भारतीय दर्शन) तर अभावालाच, म्हणजे नसण्यालाच, सातवा पदार्थ (जगातल्या गोष्टींचा मूळ प्रकार) मानलंय, 'जमिनीवर घडा नाही' यावर केवढा काथ्याकूट!

हायडेगर (असण्यावरच लिहिणारा जर्मन तत्त्वज्ञ) आत्ता नकोच. क्वाइन (अमेरिकन तत्त्वज्ञ) लॉजिकची चिन्हं वाचता यायला लागली की घ्या.