झिओलाइटला गारगोटी म्हणावं का?

पारसिकच्या डोंगरातल्या फुटलेल्या कातळात पांढरे, गुलाबीसर स्फटिक दिसतात. खाणीतले जुने कामगार त्यांना सरसकट 'गारगोटी' म्हणतात. या स्फटिकांच्या खनिजगटाला, म्हणजे झिओलाइटला, हाच मराठी शब्द धरावा की 'उकळदगड' असा नवा घडवावा, असं ठाण्याच्या एका वाचकानं विचारलंय.

गारगोटी नको, असं माझं स्पष्ट मत. त्या शब्दाला त्याचा अर्थ आधीपासून आहे: आपटली की ठिणगी पाडणारा टणक दगड. ती सिलिकेची, क्वार्ट्झच्या जातीची. 1 ते 10च्या मोजपट्टीवर काठिण्य 7च्या आसपास, चाकूला दाद देत नाही. आपल्याकडे नेहमी सापडणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट हे झिओलाइट मात्र 3.5 ते 4चे. चाकूनं सहज ओरखडा उठतो. सिन्नरच्या खनिज संग्रहालयाचं नाव 'गारगोटी' आहे आणि तिथे झिओलाइटचे अप्रतिम नमुने आहेत. नाव म्हणून ते शोभतं, पण खनिजाची संज्ञा म्हणून चालणार नाही.

घोळ होतो तो दोन्ही एकाच घरात राहतात म्हणून. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं. बेसॉल्टमधली, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकातली सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम त्यानं विरघळवून आणलं आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिक धरले. अनेकदा आधी गारगोटीचा पातळ थर, मग त्यावर झिओलाइट. स्टिल्बाइटचा झुबका तर मधोमध आवळलेल्या भाताच्या पेंढीसारखा दिसतो, फार देखणा!

'उकळदगड' मूळ नावाला धरून आहे. स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेड्ट यानं 1756 मध्ये फुंकनळीच्या ज्योतीत हे खनिज तापवलं, ते फसफसून फुगलं, म्हणून त्यानं ग्रीकमधून 'उकळणारा दगड' असं नाव बेतलं. स्फटिकाच्या जाळीत सूक्ष्म वाटा असतात, त्यांत पाणी असतं. बेतानं तापवलं तर ते निघून जातं, जाळी टिकते आणि दमट हवेत पाणी परत शिरतं. त्याच वाटांतून सोडियम देऊन कॅल्शियम घेतलं जातं, म्हणून साबणाला फेस न देणारं दुष्फेन पाणी सुफेन होतं.

तरीही मी 'झिओलाइट'च लिहीन. हा चाळीसहून अधिक नैसर्गिक खनिजांचा गट आहे, आणि मत्स्यटाकीच्या दुकानातही अमोनिया शोषणारे खडे याच नावानं मागतात. तुमच्या नमुन्याबद्दल लिहिताना 'गारगोटीच्या थरावर वाढलेला झिओलाइट' म्हणा, पण आधी चाकू लावून बघा.