विनोदी लेखक व्हायचं स्वप्न कधी सोडायचं?

"मॅडम, अजून किती वर्षं थांबू?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हल्ली फार येतो. स्पर्धा परीक्षावाले विचारतात, गाणारे विचारतात, आणि टीव्हीवर स्किटचे कार्यक्रम वाढल्यापासून विनोदी लिहिणारी मुलंमुलीपण विचारायला लागलीत. सगळ्यांना एक आकडा हवा असतो, पाच वर्षं का सात वर्षं. असा आकडा कुणाकडेच नाही. म्हणून एकाची हकिकत सांगते, त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

घरचा टॉवेलचा कारखाना, वय तिशीच्या पुढे, घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि हिंदी, लिहायला मराठी. अस्सल सोलापूरकर. कॉलेजात असताना याच्या एकांकिकेला हुतात्मा स्मृती मंदिरात लोक पोट धरून हसले होते, तेव्हापासून डोक्यात एकच, मुंबईच्या कार्यक्रमांसाठी स्किट लिहायचे. रोज जेवण झालं की लिहायला बसायचा, लिहून झालं की पाठवायचा, निळी टिक यायची आणि उत्तर नाही. एकदा टीमसमोर वाचून दाखवायला बोलावलं, "छान आहे, कळवतो" म्हणाले, ते कळवणं काही आलं नाही. मग रात्री झोप नाही, दिवसा कारखान्यात कामगारांवर चिडचिड, आणि बायकोशी बोलणं म्हणजे फक्त डबा आणि मुलीची फी.

इथं एक सांगते. झोप, भूक, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर स्वप्न सोडायचं का धरायचं हा निर्णय तेव्हा घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. खचलेल्या मनाला सगळ्याचं उत्तर "सोड" असंच दिसतं. आम्ही पण आधी त्याची झोप रुळावर आणली, मग मूळ प्रश्नाकडे वळलो.

म्हणाला, "नऊ वर्षं घातली ओ मॅडम. आता सोडलं तर सगळं पाण्यातच की."

मी विचारलं, "सुताचा लॉट खराब निघाला तर, पैसे दिलेत म्हणून मागावर चढवता का?"

"छे! वरनं मजुरी आणि लाईट वाया जाते."

बोलला आणि स्वतःच थांबला. हे फक्त त्याचंच नाही बरं का. 1985 साली आर्क्स आणि ब्लूमर या दोन अभ्यासकांनी अमेरिकेत नाटकाच्या सीझन तिकिटांवर (एकदा काढलं की हंगामातली सगळी नाटकं बघता येतात) प्रयोग केला होता, काहींना तिकीट पूर्ण किमतीत दिलं, काहींना सवलतीत. पूर्ण पैसे मोजलेले लोक सीझनच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती, खिशातनं गेलेले पैसे त्यांना ओढून नेत होते. गेलेली वर्षंपण माणसाला अशीच ओढतात, म्हणून "किती वर्षं झाली" यावर निर्णय घ्यायचाच नाही.

मग एकदा मी त्याला सगळं लिखाण घेऊन यायला सांगितलं. जाडजूड बॉक्स फाईल, प्रत्येक स्किट वेगळ्या प्लास्टिक फोल्डरमध्ये, वर तारीख आणि कुणाला पाठवलं त्याचं नाव. अक्षर सुरेख. मी पानं चाळत राहिले आणि माझ्या लक्षात आलं की अख्ख्या फाईलीत कुठंच खाडाखोड नाही.

"दुसरा खर्डा कुठंय?"

"दुसरा नसतो मॅडम. उत्तर नाही आलं की नवीन लिहितो."

विनोदी लेखन म्हणजे मुख्यतः परत लिहिणंच. तालमीत पंच पडला की रात्रीत बदलायचा, नटाच्या तोंडात वाक्य बसत नसेल तर मोडायचं, आपला आवडता जोक दुसऱ्याने कापला तरी सकाळी परत कामाला बसायचं. मी त्याला म्हटलं, समजा आत्ता फोन आला. उद्यापासून या, दर आठवड्याला एपिसोड, तुमचं स्किट चारदा बदलणार, नाव शेवटी पळत्या पट्टीत. काय वाटतंय?

बराच वेळ गप्प बसला. मी पण बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहता यायला पाहिजे असं मला वाटतं, शब्द आपण पुरवले की ते आपलेच होतात.

"खरं सांगू? पोटात गोळा आला. ते काम मला रोज नाही करायचं ओ. मला फक्त त्यांचा फोन यायला पाहिजे होता."

रडला. मला विचाराल तर नऊ वर्षांचं उत्तर त्या वाक्यात होतं. त्याला लेखनाचा व्यवसाय नको होता, आपण कुणीतरी आहोत असा शिक्का हवा होता आणि तो मुंबईतल्या अनोळखी चारपाच लोकांकडून हवा होता. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांना मानणारी आहे, तो सांगायचा की कामाला मार्क द्या, माणसाला देऊ नका. स्किट पडलं म्हणजे स्किट पडलं, माणूस नाही पडला. हे कळायला त्याला नंतरचे कितीतरी आठवडे लागले, पण कळलं.

याच्या उलट एक मुलगी आलेली, तिच्या वह्या निळ्या-लाल शाईने भरलेल्या, नाकारलेलं स्किट सहासहा वेळा बदललेलं, आणि बदलताना मजा येते म्हणायची. तिला मी सोडायचा विषयसुद्धा काढू दिला नाही. मात्र घरखर्चाला कमाईची दुसरी सोय आधी कर, किती पैसे आणि कुठली तारीख इथपर्यंत हे आजच लिहून ठेव आणि ती तारीख आली की बसून हिशोब कर, एवढं सांगितलं. मर्यादा मन शांत असताना ठरवायची, नकार आलेल्या रात्री नाही.

त्याने सोडलं. पण नुसतं सोडून भागत नाही, रिकामी झालेली संध्याकाळ खायला उठते. 2003 मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांनी हेच मांडलं, न जमणारं ध्येय सोडता येणं आणि नव्या कशात तरी मन घालता येणं या दोन्हींचा माणसाच्या बरं वाटण्याशी संबंध असतो. तो आता राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एका हौशी ग्रुपच्या तालमींना जातो, बॅकस्टेज बघतो, आणि अडलेल्या प्रसंगात नटांना जागेवर वाक्यं सुचवतो. कागदावर लिहीत नाही. परत त्यात पडतोय का, अशी भीती त्याला वाटली होती. मी विचारलं, तालमीहून आल्यावर झोप लागते का? म्हणाला, गाढ.

घरच्यांना एकच विनंती. माणूस असं काही सोडून येतो तेव्हा "आम्ही सांगतच होतो" म्हणू नका, आणि दुसऱ्याच दिवशी दुकानाच्या चाव्या हातात देऊ नका. त्याच्या बायकोने फाईल माळ्यावर टाकू का विचारलं तर मी नको म्हटलं. कुठं ठेवायची ते त्याला ठरवू दे.